भावजी दवाखान्यातून घरी आलेत. आता गल्लीनं काय करावं, आणि मी काय विचारावं?

शिलाई_वहिनी (बेळगाव, पश्चिम भाग)

नमस्कार. आजवर इथं फक्त वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ. गावाचं नाव सांगत नाही. पश्चिम भागातलं एक खेडं समजा.

माझे धाकटे दीर, वय ३४. तीन आठवड्यांमागं त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. कसा केला ते लिहीत नाही, तुम्हीही विचारू नका. माझ्या नवऱ्याला वेळेवर सापडले, १०८ आली, आठ दिवस बेळगावात दवाखान्यात होते. वाचले. घरी येऊन आज अकरा दिवस झाले.

मला विचारायचंय ते घरी आल्यानंतरचं.

पहिल्या दोन दिवसांत चाळीस-पन्नास माणसं येऊन गेली. रोप लावणीचे दिवस, धो धो पाऊस, तरी चिखलाच्या पायांनी आली. कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटाचा पुडा. मायेनंच आली, त्यात शंका नाही. पण प्रत्येकजण उठताना एक वाक्य ठेवून गेला. सासूबाईंची बहीण म्हणाली, "पोरांच्या तोंडाकडं तरी बघायचं होतंस की रे." देवस्थान कमिटीतले एक मोठे गृहस्थ म्हणाले, "गडीमाणूस असून असं करतात काय?" शेजारचा एकजण म्हणाला, "एवढ्याशा पैशासाठी? मला सांगायचं होतंस." भावजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. ऐकत होते सगळं, त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

आणि पाचव्या दिवसापासून सगळं बंद. एक माणूस फिरकत नाही. तालमीतली त्यांची पोरं आधी कोपऱ्यावरून हाक मारायची, आता आमच्या दारावरून जाताना मोबाईलमध्ये बघत जातात. ती गर्दी वाईट होती का ही शांतता वाईट, मला ठरवता येत नाही.

थोडं घरचं सांगते. भावजी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला होते. काम आठवड्याला चार दिवसांवर आलं. गेल्या हंगामात रताळ्याला दर लागला नाही, काढणीची मजुरीसुद्धा अंगावर आली. जाऊबाईच्या नावावर तीन बचत गटांतून उचललेलं कर्ज, हप्ता दर आठवड्याला, मंगळवारी. एक हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या नऊ जणींनी भरायचा. त्या नऊ जणींत मीही एक. उन्हाळ्यात एकदा मीच तिला सगळ्यांसमोर बोलले, "तुझ्यामुळं आमची पत जाते." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री मशीनवर बसले की तेच कानात वाजतं.

आता विचारायचं ते असं. भावजींना मी सरळ विचारू का, की परत तसा विचार येतो काय? विचारलं की उलट डोक्यात भरेल असं सासूबाई म्हणतात. ते "मी बरा हाय वहिनी" एवढंच बोलतात. त्यांची दोन पोरं आहेत, थोरली सहावीत. शाळेत तिला कुणीतरी काहीतरी बोललंय, तिला काय सांगायचं? दवाखान्यात पोलीस जबाब घेऊन गेले, तेव्हापासून सासरे केस होणार म्हणून जेवत नाहीत. आणि आमचं गणेश मंडळ यंदा जनजागृतीचा फलक लावणार म्हणतंय, वरच्या गल्लीतला एक मुलगा मागल्या वर्षी गेला त्याचा फोटो घालून. चांगल्या मनानं करताहेत, पण मला तो फोटो नको वाटतो. माझं चुकतंय काय?

---

जुनी_सिस्टर (निपाणी)

ताई, ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर होते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं थांबू शकतं.

विचारा. आजच विचारा, आणि आडून नको. "काही वेडंवाकडं मनात नाही ना?" असं विचारलं की माणूस "नाही" म्हणतो, कारण तेच उत्तर आपल्याला हवंय हे त्याला कळतं. "भावजी, परत मरावंसं वाटतंय काय?" असं विचारा. विचारल्यानं डोक्यात भरतं ही समजूत माझीही होती, नोकरीची पहिली पंधरा वर्षं. तसं होत नाही, त्यावर पुष्कळ अभ्यास होऊन गेलेत. जे आधीच आत आहे त्याला बाहेर यायला वाट मिळते, एवढंच होतं.

ही समजूत मी कशी सोडली तेही सांगते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असलेला एक मुलगा आमच्या वॉर्डात असाच वाचला होता. घरी जाताना मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "आईला परत त्रास देऊ नकोस हं बाळा." तो हसला. पाच आठवड्यांनी तो गेल्याचं कळलं. सात दिवस त्याची सलाईन बदलली, ताप बघितला, आणि एकदाही विचारलं नाही की बाळा, अजून तसं वाटतंय का.

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, तीनेक महिने धरा, सगळ्यात जपायचे. आणि बरोबर तेव्हाच लोकांचं येणं थांबतं, तुमच्याकडं थांबलं तसं.

भावजी "होय" म्हणाले तर घाबरून रडारड करू नका, शपथा घालू नका. त्यांना एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्री-अपरात्री असेल तर १४४१६ लावा. टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास. वीस भाषांत बोलतात, मराठी आहे, कन्नडही आहे. जिवाला लगेचचा धोका दिसला तर ११२ किंवा १०८. १४४१६ तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता ताई. तुमच्या लिहिण्यावरून मला तुमचीही काळजी वाटते.

औषधं दिलीत ना? मनावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. "काही फरक नाही" म्हणून दहा दिवसांत सोडून देणारे मी शेकड्यांनी बघितलेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, डिमहान्स, बेळगावाहून जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कन्नडची अडचण असली तर बरोबर एक बोलणारं माणूस न्या, पण मराठी समजणारे तिथंही भेटतात.

आता गल्लीचं. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला होता, आपलं चेन्नई त्यात होतं. प्रयत्न करून वाचलेले १,८६७ जण घेतले. काहींना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांना त्याच्या जोडीला एक तास बसून सगळं समजावून सांगितलं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, बस. निकाल २००८ साली छापून आला. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत २.२ टक्के लोक पुढं आत्महत्येनं गेले, भेटी मिळालेल्यांत ०.२ टक्के. भेटणारे दवाखान्यातले शिकलेले लोक होते हे खरं, गल्लीतल्या माणसांना त्यांची जागा घेता येणार नाही. पण कुणीतरी ठरवून परत परत येतंय याला किती वजन आहे ते बघा. तालमीतल्या पोरांना हे वाचून दाखवा.

---

हरिपाठ_नित्य (खानापूर)

माउली, वाचून डोळे भरले. आमचा अनुभव असा की नामस्मरणानं मन खंबीर होतं. भावजींना माळ घालायला लावा, सप्ताहात आणून बसवा. देवानं दिलेला जन्म असा टाकायचा नसतो हे कीर्तनकार महाराजांकडून त्यांच्या कानावर पडलं की फरक पडेल.

---

परत_आलेला (बेळगाव तालुका)

वरच्या माउलींचा मान राखून लिहितो, कारण मीही वारकरी घरातला. आणि नऊ वर्षांपूर्वी मीही तुमच्या भावजींच्याच जागी होतो.

माझ्या वेळी गावात सप्ताह होता. मला नेऊन पुढच्या रांगेत बसवलं. महाराज दुर्लभ नरजन्मावर बोलले, जन्म टाकणारा महापापी म्हणाले. त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं, पण अख्ख्या मांडवाला होतं. शंभर डोळे माझ्या मानेवर. त्या रात्री जेवढं परत जावंसं वाटलं तेवढं आधीही वाटलं नव्हतं. भजनानं पुढं मला पुष्कळ दिलं, पण ते दोन वर्षांनी, माझ्या पायांनी गेलो तेव्हा, मागच्या रांगेत टाळ घेऊन. त्यांना सप्ताहाला न्यायचं असेल तर त्यांना विचारून न्या, आणि वाढायला उभं करा. ऐकायला बसवू नका.

वहिनी, "पोरांच्या तोंडाकडं बघायचं होतं" हे वाक्य मलाही किमान वीस जणांनी ऐकवलं. कुणाला राग येऊ नये, पण त्या वेळी आत काय चाललेलं असतं ते सांगतो. पोरांचाच विचार चाललेला असतो. आपण यांच्या गळ्यातला धोंडा आहोत, आपण नसलो तर यांचं बरं होईल, असं डोकं पटवून देतं. ते खोटं असतं. आज माझी मुलगी नववीत आहे, तिच्या सायकलची चेन मी बसवून देतो तेव्हा ते किती खोटं होतं ते कळतं. पण त्या दिवशी ते खोटं आहे हे दिसत नव्हतं, दोन अधिक दोन चार इतकं खरं वाटत होतं. म्हणून पोरांची आठवण काढून देणाऱ्यानं मला वाचवलं नाही, आणखी शरमेत ढकललं.

मला उपयोग कशाचा झाला? औषधांचा झाला, ते आधी लिहितो, नाहीतर लोक म्हणतील नुसत्या गप्पांनी होतं. अकरा महिने गोळ्या खाल्ल्या. आणि एका मित्राचा. तो चौथ्या दिवशी आला, कॅन घेऊन. म्हणाला, "डेअरीला चाललोय, चल." मी नको म्हटलं. तो गेला. दुसऱ्या दिवशी परत त्याच वेळी, "चल." असं सहा दिवस. सातव्या दिवशी मी उठलो, त्याला टाळायचाही कंटाळा आला म्हणून. डेअरीपर्यंत दहा मिनिटांची वाट, तो म्हशीचं बोलायचा, पावसाचं बोलायचा. का केलंस हे त्यानं पहिले दोन महिने विचारलं नाही. एकदा मीच पुलावर थांबून सांगायला लागलो तेव्हा त्यानं कॅन खाली ठेवला. एवढंच केलं. कॅन खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. त्या दिवशी डेअरी बंद झाली, दूध परत आणलं, त्याच्या बायकोनं त्याचा खवा केला.

तालमीच्या पोरांना सांगा, उपदेश करायला जाऊ नका. त्यांच्याकडं काम घेऊन जा. गणपतीच्या मांडवाचे बांबू आणायला त्यांना बोलवा. नको म्हणतील. दुसऱ्या दिवशी परत बोलवा.

---

शिलाई_वहिनी

सिस्टर, दादा, दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. कॅन खाली ठेवल्याचं वाचून मशीन थांबवली. नवऱ्याला वाचून दाखवलं, तेही बराच वेळ बोलले नाहीत. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. विचारेन.

---

खत_बियाणं (खानापूर रोड)

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, वीस वर्षं झाली. माझ्याच दुकानातला माल लोकांच्या घरात असतो, म्हणून मला याच्यावर बोललंच पाहिजे.

ताई, घरात फवारणीचं जे काही असेल ते आज घरातून हलवा. शिल्लक राहिलेलं, अर्धवट, मागल्या वर्षीचं, सगळं. माळ्यावर, गोठ्यात, तांदळाच्या डब्यामागं, कुठं कुठं ठेवलेलं असतं ते मला ठाऊक आहे. शेजारी न्या, आमच्यासारख्या दुकानदाराकडं द्या, पण कुलपात आणि भावजींच्या हाताबाहेर. दवाखान्याच्या गोळ्यांची पाकिटंही जाऊबाईंनी किंवा तुम्ही सांभाळा, एका वेळी एका दिवसाच्या काढून द्या. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही. त्यांना सांगूनच करा.

लोक मला म्हणतात, ज्याला करायचं तो दुसरं काहीतरी शोधेल. पूर्वी मीही तेच म्हणायचो. तो घोर विचार लाटेसारखा येतो, पुष्कळांच्या बाबतीत तासा-दोन तासांत ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काय आहे त्यावर सगळं ठरतं. श्रीलंकेनं सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आला. माणसांची दुःखं काही एवढी कमी झाली नव्हती. तामिळनाडूत काट्टुमन्नारकोइल भागात चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांत सामायिक साठवणीची खोली करून बघितली. शेतकऱ्याचा माल त्याच्या कुलपाच्या कप्प्यात, लागेल तेव्हा न्यायचा, उरलेला परत ठेवायचा. लोकांनी ते आपलं मानून वापरलं. आपल्याकडं विकास सोसायटीच्या गोदामात एक कपाट ठेवायला किती खर्च येईल? मी आमच्या सोसायटीत दोनदा विषय काढलाय, तिसऱ्यांदाही काढणार.

आणखी एक, दुकानदारांसाठी. गिऱ्हाईक एकटंच येतं, पीक कुठलं विचारलं तर गोंधळतं, नजर देत नाही, अशा वेळी मी माल काढत नाही. बाक पुढं करतो, चहा सांगतो, घरी कोण आहे विचारतो. वीस वर्षांत चार वेळा असं बसवलंय. चौघांपैकी एकजण तासभर काहीच बोलला नाही, मग त्याचा मेहुणा येऊन घेऊन गेला. तो आजही माझ्याकडं येतो, युरिया नेतो. आम्ही दोघंही त्या दिवसाचा विषय काढत नाही.

---

दुसरी_घंटा (प्राथमिक शाळेतली बाई, येळ्ळूर भाग)

थोडक्यात लिहिते, तास आहे. सहावीतल्या मुलीला खरं सांगा, तिला पेलेल एवढं. "बाबांच्या मनाला आजार झाला होता, त्यात त्यांना खूप दुखलं, आता डॉक्टर औषध देतात, मोठी माणसं लक्ष ठेवून आहेत. हे तुझ्यामुळं झालेलं नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. मुलं मनात धरून बसतात की मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून झालं. बाबांवर लक्ष ठेवायचं काम तिच्यावर टाकू नका. आणि वर्गशिक्षकांना तुम्ही जाऊन भेटा. चिडवणाऱ्या मुलांना वर्गात सगळ्यांसमोर उभं करू नका असंही सांगा, त्यानं गोष्ट वाढते.

---

वसुली_पाहिलेला (चिकोडी)

पतसंस्थेत कारकून आहे, कर्जाचं आणि कायद्याचं जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढं लिहितो.

तुमच्या सासऱ्यांना आधी जेवायला बसवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला आणि शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं आणि उपचार देणं सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात प्रयत्नालाच गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. अशा प्रसंगी दवाखाना पोलिसांना कळवतो आणि ते जबाब घेतात, ती नेहमीची रीत आहे. जबाब घेतला म्हणून भावजींवर गुन्हा लागला असं नाही.

आता हप्ते. सूक्ष्म कर्जांसाठी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला यायचं नाही. शिव्या, धमक्या, नातेवाइकांना त्रास देणं चालत नाही. वसुली ठरलेल्या जागी व्हायची, लागोपाठ दोनदा माणूस तिथं आला नाही तरच घरी यायचं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तीन गटांचे हप्ते एका कागदावर मांडून बघा, मला खात्री आहे निम्म्याची रेघ कधीच ओलांडली असणार. तो कागद घेऊन कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, हप्ते लांबवून मागा, पोच घ्या. ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा तक्रारीचा नंबर १४४४८. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं जुलमी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कुणी दारात येऊन तमाशा केला तर पोलीस ठाण्यात जायला कचरू नका. भावजींना शाखेत पाठवू नका, तुम्ही किंवा तुमचे मालक जा.

आणि ताई, गटातल्या बायकांना एकमेकींवर सोडणारी ती पद्धत तुम्ही बनवलेली नाही. बोललात ते बोललात. जाऊबाईंना एकदा जवळ घेऊन सांगून टाका.

---

जुनी_सिस्टर (निपाणी)

कारकून साहेबांनी लिहिलं ते फार कामाचं. एकच जोडते. सगळं खापर कर्जावर फोडू नका. २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येनं गेली, एकट्या कर्नाटकात १३,६०६. सरकारी नोंदीत कौटुंबिक अडचणी जवळपास ३२ टक्के आणि आजारपण १८ टक्के, ही दोन कारणं सगळ्यात पुढं. आणि रोजंदारीवरची माणसं चौथ्या हिश्श्याहून जास्त. एका माणसाच्या बाबतीत एकच कारण क्वचित असतं. झोप किती दिवस उडाली होती, दारू वाढली होती का, पोटात-पाठीत दुखत होतं का, हे डॉक्टरांना आठवून सांगा.

फलकाबद्दल तुमचं बरोबर आहे. गेलेल्या मुलाचा फोटो, हार, कसं झालं त्याचं वर्णन, हे काही नको. आधीच काठावर उभं असलेल्या एखाद्या पोराला तो फोटो बोलावतो. त्या मुलाच्या आईला दहा दिवस त्या फलकाखालून आरतीला यायचंय, हेही बघा. १० सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंधाचा दिवस २००३ पासून जगभर पाळतात, गणपतीच्या आसपासच येतो. मंडळाला फलक लावायचाच असेल तर १४४१६ मोठ्या अक्षरांत आणि खाली मंडळातल्या अशा दोघा-तिघांचे नंबर, जे रात्री दोनला फोन उचलतील. त्यांना विचारून घाला.

---

हरिपाठ_नित्य (खानापूर)

परत आलेल्या दादा, तुमचं वाचलं. मी त्या मांडवात असतो तर मीही मानेकडं बघणाऱ्यांतलाच असतो. माझं आधीचं लिहिणं मागं घेतो. आमच्या सप्ताहाच्या बैठकीत हे बोलेन, कीर्तनकारांना आधी सांगून ठेवता येतं. शिलाई वहिनी, पंगतीत वाढायला आमच्याकडंही माणसं कमीच पडतात. भावजी म्हणतील तेव्हा.

---

शिलाई_वहिनी

नऊ दिवसांनी लिहितेय.

विचारलं. माझ्या मशीनचा पट्टा सैल झाला होता, भावजींना म्हटलं जरा बघता काय. खाली बसून चाकात हात घातला होता, तोंड माझ्याकडं नव्हतं, म्हणून मलाही जमलं. सिस्टरनी लिहिलं तेच शब्द. "भावजी, परत मरावंसं वाटतंय काय?"

बराच वेळ पट्टाच ओढत राहिले. मग म्हणाले, "दोनदा वाटलं. मंगळवारी." दोन्ही मंगळवारी.

मी रडणार नाही असं ठरवलं होतं, थोडी रडलेच. पण शपथ घातली नाही. विचारलं, मंगळवारी कधी? म्हणाले, सकाळी, गाडीचा आवाज आला की. वसुलीवाल्याच्या मोटारसायकलचा. आम्ही सगळे मंगळवारी सकाळी मुद्दाम बाहेर पडायचो, त्या माणसाला तोंड द्यायला नको म्हणून. आणि घरात ते एकटे असायचे. हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी बसूनच १४४१६ लावला. ती मुलगी आधी त्यांच्याशी बोलली, मग माझ्याशी. धारवाडला न्यायचं त्याच फोनवर पक्कं झालं.

घरातलं सगळं हलवलंय. तीन बाटल्या आणि एक पुडी निघाली, एक तर सासूबाईंनाही ठाऊक नव्हती. सगळं दुकानात नेऊन दिलं. तीन गटांचे हप्ते कागदावर मांडले, निम्म्याच्या कितीतरी वर गेले होते. नवरा शाखेत जाऊन अर्ज देऊन आला, पोच आणली, अजून उत्तर नाही. जाऊबाईला मी उन्हाळ्यातल्या त्या बोलण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मला आठवत नाही." तिला आठवतं. पण रात्री माझ्याशेजारी झोपायला आली, पोरांना घेऊन.

सासरे जेवतात. कायद्याचं वाचून दाखवलं तर म्हणाले, नंबर सांग कलमाचा, आणि खिशातल्या डायरीत ११५ लिहून ठेवला.

मंडळानं फलकावरचा फोटो काढून टाकला. त्यासाठी दोन बैठका झाल्या, एकदा आवाजही चढले. रात्री दोनला फोन कोण उचलणार असं विचारल्यावर आधी कुणी बोललं नाही. मग ज्या पोरानं सगळ्यांत जास्त वाद घातला होता त्यानंच हात वर केला.

परत आलेल्या दादा, तालमीतला एकजण पाच दिवस रोज संध्याकाळी दारात येतोय. म्हणतो, मांडवाचा जुना पत्रा बघायचाय, चल. चार दिवस नको म्हणाले. काल चप्पल घातली, अंगणापर्यंत गेले, पाऊस आला म्हणून परत फिरले. तो पण परत फिरला, पडवीत बसला, दोघं पाऊस बघत होते. मी चहा नेऊन ठेवला आणि आत आले.

धारवाडची तारीख येत्या मंगळवारची मिळालीय. सकाळच्या बसनं निघतोय, भावजी, जाऊबाई आणि मी. मोटारसायकल येईल तेव्हा आम्ही कित्तूरच्या पुढं असू.